सुचिताच्या पाइपातला समुद्र

शेलूबाजार, १४ नोव्हेंबर २०२४

ती. इंद्रभानभाऊंस धाकट्या हिरालालचा सा. न. वि. वि.

आधी त्या पाइपाची खरी किंमत ऐका. आत जमिनीत ठोकून जसाच्या तसा काढलेला तीन हात चिखल. त्यासाठी तुमच्या पुतणीने, माझ्या सुचिताने, अकरा दिवस खाडीकाठच्या दलदलीत काढले, दोनदा तापाने फणफणली, शिंपल्यांनी तळपाय कापून पाच टाके घेतले. फोनवर तुमचं बोलणं तुटतं, मानोऱ्याचा टॉवरच तसला, म्हणून लिहून पाठवतो.

पोरगी सांगून गेली होती, काळ्या चिखलात चार बोटं पांढऱ्या रेतीचा थर आहे, तो न हलवता नागपूरला न्यायचा. हजारो वर्षांपूर्वी, कोणी काही लिहून ठेवायच्या आधी, समुद्राची मोठी लाट पार आत आली आणि ती रेती टाकून गेली, असं तिचं म्हणणं. तशी लाट किती काळाने येते ते अशा थरांवरूनच कळतं. प्रयोगशाळा दिवाळीची बंद, म्हणून आठ दिवस पाइप मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ओल्या पोत्याखाली ठेवला.

तुम्ही तो गाळाने बुजलेला समजून ठोकून रिकामा केला आणि गाळ मिरचीच्या वाफ्यात पसरला. समुद्राचं मीठ ते, तिसऱ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. रोपं गेली तर गेली. पोरीने मार्चपर्यंत अहवाल दिला नाही तर तिची संशोधनाची जागा जाते. ती ओरडली असती तर बरं होतं. वाफ्यापाशी बसून नुसती माती चाळत राहिली.

विचारायला जीभ नव्हती का? मी पंधरा पावलांवर बाजेवर होतो. भाजीबाजारात हर्रासाची बोली चढते त्या गलक्यात कोण कोणाच्या कानात काय बोललं ते मला ऐकू येतं. या कानांच्या जोरावर टोपली वाहणारा मी अडतीचा मालक झालो. आता सुचिताचं काम होईस्तोवर माझ्या मळ्यात पाऊल टाकू नका.

वहिनींना नमस्कार. त्यांच्यावर राग नाही, त्यांनी तरी लोभ ठेवावा.

हिरालाल


मानोरा, १९ नोव्हेंबर

चि. हिरालालास अ. उ. आ.

तुह्यं पत्र तुह्या वहिनीनं, पंचफुलानं, मोठ्यानं वाचलं, शेजाऱ्यायनं बी ऐकलं. आता माह्यं ऐक.

मी इचारलं होतं. दारात उभा राहून दोनदा म्हटलं, हिरा, हा पाइप सुचीचा त नाही? तू मोबाइल पाहून राह्यला होता. म्हणे, हो हो, करा मोकळा. पंचफुलानं अजून एकडाव इचारलं, त तिले म्हणे चहा आन. तुह्या बायकोले, आवडाबाईले इचार, ती तिथंच लसूण निवडत होती.

पन्नास वर्सं झाली, बुजलेला पाइप ठोकतो अन् गाळ वाफ्यात टाकतो. कोनाचं रोप मेलं नाही. मले समुद्र काय माहीत?

सुचीले फोन केला. ती म्हणे, काका, जागा तिथंच हाय, पाइप पुन्हा ठोकता येते, पन चिखलात उभं राहून धराले मानूस नाही. मी जाऊन राह्यलो. तुह्या मळ्यात पाऊल टाकाची मले गरज नाही.

आवडाबाईले आशीर्वाद. तुले बी, पन थोडे.

इंद्रभान


शेलूबाजार, ११ डिसेंबर

ती. भाऊंस सा. न. वि. वि.

सुचिताने फोटो पाठवला. तुम्ही कमरेइतक्या चिखलात, दुपट्टा डोक्याला, पाइप सरळ. ती लिहिते, थर सापडला, पुरे चार बोटं, आणि पाइप थेट नागपूरला पोचला. वाटेत कुठेही ठेवला नाही, आपल्या घरी तर नाहीच. हे वाचून मला राग आला, पण तो काढावा कोणावर ते कळेना.

मग आवडाबाईला विचारलं. तिने तुम्ही लिहिलं तेच सांगितलं. मी तिच्यावर चिडलो, की त्याच दिवशी का नाही बोललीस. ती म्हणाली, बोलले होते.

मळ्याबद्दल लिहिलं ते मागे घेतो. परतताना इकडेच उतरा. थोडे आशीर्वाद पोचले, उरलेले घेऊन या.

हिरालाल

ता. क. काल वाशीमला डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं. डावा कान पूर्ण गेला आहे, उजवा निम्मा.