घोडीवरचा दीड तास

असोदा,
ता. ९ मार्च १९८९

भाऊंना बेबाचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांगा, त्या घेतील तर.

इकडे ठीक. केळीचे घड कापणीला आलेत, सासूबाईंचा खोकला काही हटत नाही. भास्करची नवरी रुळली का घरात? तुमच्या अंगठ्याची जखम भरली का, हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारते. माझ्याच पोरीचे दात होते.

भास्करच्या लग्नातून न जेवता, न सांगता निघून आले, त्याला महिना होत आला. तुम्ही साधं कार्डसुद्धा टाकलं नाही. रागवा, हक्क आहे तुमचा. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हणाले ना, "मला काय माहीत ती असं करेल," ते खोटं होतं.

मला माहीत होतं. सकाळी बँडवाल्यांनी ढोल वाजवून बघितला आणि निमीने किंचाळून मांडव डोक्यावर घेतला. मनगट चावायला लागली. मी तिला धरून मागच्या अंगाला नेलं, तर तिथे घोडीवाला वना नवरदेवाच्या घोडीला खरारा करत होता. निमी माझा हात झटकून गेली आणि घोडीच्या पोटाला कपाळ लावून उभी राहिली. गप्प. जागेपणी इतकं गप्प तिला मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. मी ओढायला गेले तर वना म्हणाला, "राहू दे अक्का. घोडी घाबरत नही, पोर घाबरत नही, तू कसाले घाबरस?" दोन तास ती हलली नाही. शेवटी वनाने आणि मी मिळून तिला सोडवलं, तेव्हा माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले. घोडीवरून ती उतरणार नाही, हे मला तेव्हाच पक्कं कळलं होतं.

तरी मीच हट्ट धरला, की नवरदेवाच्या पुढ्यात निमीलाच बसवा. का, तर घरच्या लग्नात माझ्या पोरीकडेही कुणीतरी बघावं. आणि बघितलंच की! फटाके, ढोल, नाचणारी पोरं, आणि ही आयाळीत बोटं घालून शांत. तुम्हीच वळून म्हणालात, "बेबा, ही आपलीच निमी शे का?" तो दीड तास मी चार आयांसारखी वरातीत चालले, भाऊ. पदर सावरत, उगाच हसत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मांडवाच्या दारात ती उतरेना, मुहूर्त टळायला आला, तुम्ही तिला ओढलंत. उपरण्याला रक्त लागलं, नवरीकडचे कुजबुजायला लागले. दोष तुमचा नाही, तिचाही नाही.

आणखी एक तुमच्यापासून लपवलं होतं. आम्ही शेतात जातो तेव्हा तिला खाटेला बांधून जातो. दोन वर्षं झाली. परवा बैलाजवळ नेऊन बघितलं, तर त्याने शिंगं हलवली आणि ही दिवसभर रडत राहिली. घोडी कुठून आणू मी इथे?

आता यांनी तिला धुळ्याच्या एका संस्थेत ठेवायचं ठरवलंय, होळीआधीच्या सोमवारी. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय बोलले असते कोण जाणे. संस्थेचा फॉर्म आलाय. त्यात एक प्रश्न आहे, मूल कशाने शांत होते? यांनी लिहिलं, "बांधल्याने." मी म्हटलं, घोडी लिहा. तर म्हणतात, "येडी झाली का तू? लोक हासतीन."

माझ्या लिहिण्याला कोण विचारतं! तुम्ही हेडमास्तर आहात, तुमच्या सहीला किंमत आहे, आणि तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एका कागदावर एवढंच लिहून पाठवा, की तुमची भाची दीड तास घोडीवर शांत बसली होती. मी तो कागद फॉर्मला टाचून देईन. तिथे तिच्यासाठी कुणी घोडी आणणार नाही, इतकं मलाही कळतं. पण मी जवळ नसताना लोक तिच्याबद्दल वाचतील, तेव्हा त्यांनी "बांधल्याने" एवढंच वाचू नये.

सोमवारच्या आत मिळावा.

तुमच्या उत्तराची वाट बघणारी,
निमीची आई