धुतलेली वाळू

पुणे, १८ जानेवारी १९९६

ती. चांगुणाआत्यास,
प्रज्ञाचा स. जय भीम. वि. वि.

तुझे तिळाचे लाडू वसतिगृहात पोचले आणि पोरींनी माझ्यासमोर फस्त केले. बाळंतपणाला तुझ्याकडे माहेरी आलेल्या आपल्या भारतीचे दिवस भरत आले, तिला दगदग करू देऊ नकोस.

आता माझं रडगाणं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं किती उबदार वाळूत आहे त्यावर ठरतं. प्लास्टिकमधून झिरपणारं एक रसायन त्यात ढवळाढवळ करतं का, हे मी बघतेय. म्हणून निम्म्या अंड्यांना ते लावलं, निम्मी तशीच ठेवली, आणि सगळी अशा गारव्यात ठेवली की नरच निघावेत. पण न लावलेल्यांतही माद्या निघाल्या, काही तर ना धड नर ना धड मादी. सरांना वाटतं मी अंड्यांची अदलाबदल केली. मार्चमध्ये समिती बसेल, तोवर उलगडा झाला नाही तर माझं संशोधन बंद होईल. अंडी ज्यात पुरली ती प्रवरेकाठची वाळू तू कशी भरून पाठवलीस, ते आठवून लिही.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
प्रज्ञा

कोल्हार, २४ जानेवारी १९९६

चि. प्रज्ञास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून घास गोड लागेना. पोरी, वाळू मी धुतली. नदीच्या वाळूत गावाची घाण, तुझ्या अंड्यांना रोग लागू नये म्हणून. दिवाळीला भारतीनं बाळाच्या अंघोळीसाठी बाजारातून प्लास्टिकचा निळा टब आणला होता. घरात त्याच्याइतकं कोरं काही नव्हतं. त्यात वाळू घालून वर उकळतं पाणी ओतलं आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पाण्याला टबाचा वास येत होता. मला वाटलं, नव्या वस्तूला येतोच.

तुझ्या साहेबांना सांग, आत्यानं केलं, पोरीचा दोष नाही. हवं तर मी येऊन सांगते.

अंगावर पांघरूण घेत जा.
तुझी आत्या

पुणे, २ फेब्रुवारी १९९६

ती. आत्यास,
स. जय भीम.

तू इतक्या मायेनं वाळू धुतलीस आणि मी पत्र वाचून आधी हसले, मग रडले. सरांनी पत्र दोनदा वाचलं. ते म्हणाले, वर्ष गेलं खरं, पण आता टबच तपासू. संशोधन चालू राहील. तेव्हा तू जिवाला लावून घेऊ नकोस.

टब एसटीने पाठवून दे. माणसाला त्या रसायनानं काय होतं, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच आपल्या बाळाचं कढत पाणी त्यात नको.

लोभ असाच असू दे.
प्रज्ञा

कोल्हार, २० फेब्रुवारी १९९६

चि. प्रज्ञास,
अ. उ. आ.

भारतीला मुलगी झाली. गोरी, नाकेली, रडायला खणखणीत. पण घरात आनंद नाही. टबाची गोष्ट मी कौतुकानं चारचौघींत सांगितली, ती राहात्याला भारतीच्या सासूच्या, झुंबरबाईंच्या कानावर गेली. त्या बघायला आल्या आणि म्हणाल्या की टबानं कासवाच्या माद्या केल्या, तसाच आमचा नातूही घालवला. नामकरणाला येणार नाही म्हणून बाळाला हात न लावता गेल्या. भारती भिंतीकडे तोंड करून पडलीय. माझ्याच जिभेनं घात केला. तू त्यांना दोन ओळी लिही, शिकलेल्या माणसाचं ऐकतील.

काळजीत असलेली,
तुझी आत्या

पुणे, २५ फेब्रुवारी १९९६

ती. झुंबरमावशींस,
प्रज्ञाचा सविनय जय भीम.

कासवाचं अंडं वाळूत पडल्यावर त्याचं नर-मादी ठरतं. माणसाचं तसं नाही. आईला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच ते ठरलेलं असतं, आणि तेही बापाकडून. टब घरात आला तेव्हा भारतीला सहावा महिना होता.

आणखी एक सांगते, रागावू नका. माझ्या पेट्यांत माद्या निघाल्या, याचं मला दुःख नाही. ज्यांना नर व्हायचं होतं त्यांना होता आलं नाही, आणि ती अर्धवट पिल्लं कधी अंडी घालतील असंही वाटत नाही, याचं आहे. तुमच्या नातीत काही बिघडलेलं नाही. मुलगी होणं हा बिघाडच नाही, मावशी. तुमच्याशिवाय तिचं नामकरण अपुरं राहील.

आपली,
प्रज्ञा

कोल्हार, ६ मार्च १९९६

चि. प्रज्ञास,
अ. उ. आ.

पुढच्या खेपेची वाळू गोणपाटातून पाठवीन, आहे तशी, न धुता. आता तरी साहेब खूश होऊ देत.

काल नामकरण झालं. झुंबरबाई येणार नाहीत असं धरूनच आम्ही बसलो होतो. दुपारच्या गाडीतून त्या उतरल्या, डोक्यावर त्यांच्या सासूचं तांब्याचं घंगाळ. स्टँडपासून कुणाला हात लावू दिला नाही. घंगाळ माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "पलास्टिक नगं. माज्या नातीला ह्याच्यातच न्हाऊ घाला."

मग बाळाला मांडीवर घेऊन घंगाळातली पहिली अंघोळ त्यांनीच घातली. भारती उठून पाणी ओतायला बसली.

येऊन बाळाला बघून जा, वाट पाहते.
तुझी आत्या