फ्रीजवाल्याची मंडळी

५ जुलै, रविवार

पुढचे दोन बाक आज पुन्हा रिकामे! पोस्टमास्तर — पोस्टातून निवृत्त, आता आमचे खजिनदार, त्यांचा बाक ठरलेला — म्हणाले, "हवा खराब आहे पाळकसाहेब, लोक आजारी पडतायत." म्हणजे हवा फक्त माझ्याच चर्चच्या दारात खराब होते म्हणायची. खरं काय ते फाटकाशी, उपासनेत पेटी वाजवणाऱ्या बाईंनी सांगितलं. "तुमच्या मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये जातात सगळे. रविवारी संध्याकाळी. मग सकाळी कशाला येतील?"

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. फ्रीज दुरुस्त करतो. मी या घरचा जावई झालो तेव्हापासून त्याला प्रभूबद्दल सांगत आलोय. जेवताना, प्रवासात, टायफॉइड झाला तेव्हा त्याच्या उशाशी बसून. "हो दाजी, बरोबर दाजी" म्हणायचा आणि कूस बदलायचा. आणि गेल्या वर्षी एका प्लंबरने — प्लंबरने! — कुठल्याशा गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी त्याला चार शब्द सांगितले, तर हा तिथेच ढसाढसा रडला. आता विश्वासणारा झालाय. नुसता झाला नाही, दुसऱ्यांनाही करत सुटलाय.

आनंद झाला पाहिजे. होईल.

७ जुलै, मंगळवार

हिला विचारलं, "तुला ठाऊक होतं, तो सभा घेतो ते?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही असं तोंड कराल म्हणून."

१२ जुलै, रविवार

जाऊन आलो. घरचा फ्रीज गार होत नाही असं निमित्त केलं. (उत्तम होतो.)

टायरच्या दुकानाला लागून त्याचं शटर. अर्धं वर केलेलं, वाकून जावं लागतं. आत मेलेले फ्रीज आडवे घालून त्यावर सतरंज्या टाकलेल्या, त्यावर माणसं. जागा संपली म्हणून उरलेली जमिनीवर, ग्रीसच्या डागांवर जुने पुठ्ठे टाकून. मला बघितल्याबरोबर मेहुणा ओरडला, "दाजी आले! सरका रे!" आणि चक्क मिठी मारली. पांढऱ्या शर्टावर काळा पंजा उमटला.

कार्यक्रम असा काही नाहीच. एका भंगारवाल्याने गाणं म्हटलं, सूर इकडे आणि तो तिकडे. एक नर्सबाई उठून रडली, मग हसली, मग खाली बसली. मेहुणा बोलायला उभा राहिला तो सुरुवातीलाच, "मला बायबलमधलं फारसं कळत नाही, पण हे एक वाक्य आठवडाभर मला चावतंय." एका शब्दाचा अर्थ त्याने साफ चुकवला. मूळ ग्रीक शब्द वेगळा आहे. मी मनातल्या मनात दुरुस्त केला. मला कोणी विचारलं नाही.

लोक त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, की — जाऊ दे.

१३ जुलै, सोमवार

मेहुणा सकाळीच हत्यारं घेऊन फ्रीज बघायला हजर! उघडून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "दाजी, कोणीतरी बटण शून्यावर नेऊन ठेवलंय." फिरवलं, चहा प्यायला, गेला. ही ओट्याकडे तोंड करून हसत होती. खांदे हलत होते.

१९ जुलै, रविवार

आज खोट्या संदेष्ट्यांवर प्रवचन दिलं. सगळा आठवडा तयारी केली होती. नाव कोणाचं घेतलं नाही, तेवढी सभ्यता आहे अजून. मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांपाशी आलो तर पोस्टमास्तर घोरत होते. दारात एका आजीबाईंनी हात हातात घेऊन विचारलं, "कुणी लांडगा दिसलाय का रे बाबा इकडे?"

ही नेहमीसारखी पहिल्या बाकावर. पूर्ण वेळ मांडीवरच्या रुमालाला घड्या घालत होती.

जेवताना म्हणाली, "आज आवाज छान लागला होता तुमचा."

"आणि विषय?"

"आणखी वाढू?"

२ ऑगस्ट, रविवार

बिशपसाहेब आले. वर्षभरात पहिल्यांदा. मी कठड्याला रंग लावून घेतला होता, पेटीचा भाता शिवून घेतला होता. गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "ऐकतोय मी! तुमच्याकडे मंडळी फार झपाट्याने वाढते आहे!" मी नम्रपणे मान खाली घातली. तर पुढे, "ते गॅरेज की वर्कशॉप काय ते — संध्याकाळी तिकडे घेऊन चला मला."

म्हणजे मीच न्यायचं. नेलं. बिशपसाहेब आडव्या फ्रीजवर बसले, झग्याचा घोळ आवरून. टाळ्या वाजवल्या. डोळे पुसले! माझ्या प्रवचनात या माणसाने घड्याळ सोडून कशाकडे बघितलेलं मला आठवत नाही.

परतताना गाडीत बोलतच राहिले. त्यांच्या तरुणपणी परदेशातले लोक येऊन आपल्याला शिकवायचे. आता तिकडची चर्चेस कुलूप लावून बसलीयत आणि तेच पत्रं धाडतात, तुमच्याकडची माणसं पाठवा. "आणि इकडे बघा, बसायला जागा नाही!"

मी म्हणालो, "माझ्याकडे आहे जागा." त्यांना तो विनोद वाटला.

"तुमच्या घरातूनच निघाला हा माणूस. किती अभिमान वाटत असेल तुम्हाला!"

"वाटतो," म्हणालो. जीभ झडली नाही.

९ ऑगस्ट, रविवार

हीसुद्धा गेली आज वर्कशॉपमध्ये. म्हणे भावाला चहाला हात लावायला कोणीतरी हवं. चर्चच्या माणसांना आपण मंडळी म्हणतो. जुनी माणसं बायकोलाही मंडळीच म्हणायची. माझ्या दोन्ही मंडळी सध्या फ्रीजवाल्याकडे आहेत.

एकट्याने गार जेवलो.

१६ ऑगस्ट, रविवार

मेहुणा दुपारी घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी हातात फिरवत.

"दाजी, तिसेक जणांना बाप्तिस्मा हवाय. तळ्यात, पूर्ण पाण्यात उतरून. तुमच्या नियमात बसतं का?"

"बसतं. पण तूच दे की. लोक तुझे."

"छे! मी कोण? मी गॅस भरणारा माणूस. पाळक तुम्ही. मी त्यांना सांगितलंय, आमचे दाजी देतील."

उपरोध आहे का म्हणून मी त्याच्या चेहऱ्यावर शोधला. नव्हता. असता तर बरं वाटलं असतं, खरंच.

मी अट घातली. आधी शिकवणीचा वर्ग, सहा रविवार. माझ्या चर्चमध्ये, सकाळच्या उपासनेनंतर. उपासनेला हजेरी सक्तीची. मला वाटलं, कुरकुरेल. तर हा उठून माझे हातच धरतो! "दाजी, हे तर फारच छान! त्यांना कोणीतरी नीट शिकवायला हवंच होतं."

तो गेल्यावर ही म्हणाली, "बाक भरायचेत ना तुम्हाला?"

या बाईपासून काही लपत नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

भरलं! चर्च भरलं! मागे उभे होते लोक! भंगारवाला नेमका पोस्टमास्तरांच्या जागी बसला आणि पोस्टमास्तर उपासनाभर खांबाला टेकून त्याच्याकडे डोळे वटारून बघत राहिले. पेटीवाल्या बाई घाबरून दुप्पट वेगाने वाजवत सुटल्या. लोक तरी मागे पडले नाहीत. छताच्या कौलांवरून कबुतरं उडाली.

माझं प्रवचन फार चांगलं झालं. लोक ऐकतात तेव्हा ते आपोआप होतं.

३० ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा भरलं. पण एक गोष्ट ध्यानात आली. मी विनोद केला की आधी सगळे मेहुण्याकडे बघतात. तो हसला की मग हसतात. तो बसतो दारापाशी, चपलांच्या जवळ. तरी सगळ्यांच्या माना तिकडेच!

रिकामं होतं तेच बरं होतं की काय?

६ सप्टेंबर, रविवार

वर्गात आज नर्सबाईंनी हात वर केला. "पाळकसाहेब, प्रभू तुम्हाला पहिल्यांदा कधी भेटला?"

मी सांगितलं, माझ्या आजोबांनी विश्वास धरला, गावाने त्यांना वाळीत टाकलं, त्यांनी हाताने दगड वाहून या चर्चचा पाया घातला. माझे वडील इथेच पाळक होते. झगाही त्यांचाच.

"हो, ते आजोबांचं झालं. पण तुम्हाला?"

सगळे वाट बघत होते. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना वाटत होतं, एवढा मोठा पाळक, त्याची गोष्ट केवढी मोठी असेल!

मी म्हणालो, वेळ संपली. पुढचा भाग पुढच्या रविवारी.

१३ सप्टेंबर, रविवार

नर्सबाईंनी पुन्हा विचारलं नाही. विसरल्या असतील. विसरल्या नाहीत.

२० सप्टेंबर, रविवार

चष्मा वेदीवर राहिला म्हणून दुपारी परत चर्चमध्ये गेलो. आत मेहुणा एकटाच. बाक पुसत होता आणि बोलत होता. मला वाटलं फोन आहे. फोन नव्हता. "कॉम्प्रेसरचं काय ते तू बघ बाबा, मला नाही जमत. आणि ताईची कंबर. आणि दाजींना जरा हसव, फार दमलेत ते." मग थांबला. उत्तर आल्यासारखा मान हलवून एकटाच हसला आणि पुढचा बाक पुसायला लागला.

मी चष्मा न घेताच बाहेर आलो. पायरीवर बसलो.

इतके दिवस मी समजत होतो, माणसांवरून माझं पोट दुखतंय. ने बाबा माणसं. सगळी ने. पेटीवाल्या बाईही ने. माझ्या प्रार्थना छापल्यासारख्या असतात, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, आणि मी आमेन म्हणून थांबलो की पलीकडे कोणी मान हलवत नाही. आजवर मी समजत होतो सगळ्यांचं असंच असतं. सगळे निभावून नेतात. आणि हा गॅस भरणारा, हाताला ग्रीस — याच्याशी प्रभू बोलतो! माझ्याशी का नाही? मी काय कमी राबलो?

जळतोय मी. आज पहिल्यांदा कळलं कशावर ते.

२७ सप्टेंबर, रविवार

वर्ग संपला. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी. बिशपसाहेब येणार, त्यांच्यासाठी तळ्याच्या काठावर खुर्ची हवी.

३ ऑक्टोबर, शनिवार

झग्याला इस्त्री केली. झगा घालून कंबरभर पाण्यात कसं उभं राहायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मेहुण्याला विचारलं तर म्हणाला, "झगा काढून ठेवा की दाजी."

४ ऑक्टोबर, रविवार

सगळ्यांना दिला. शेवटी रांगेत एकच बाई उरली. ही.

मी दबक्या आवाजात म्हणालो, "तुझा झालाय. दुसऱ्यांदा देत नाहीत. पद जाईल माझं."

"तो लग्नासाठी झाला होता. तुमच्या बाबांची अट होती म्हणून. तेव्हा मी तुमच्यासाठी घेतला होता. आज माझी मी आलेय."

बाराशे प्रवचनं पहिल्या बाकावर बसून ऐकली हिने. आणि आज आली.

मी तिला पाण्यात घेतलं. वर काढलं. काठावर बिशपसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. हिच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती, माझ्याकडे बघून नव्हे.

माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी दोन महिन्यांचा होतो. झोपलो होतो म्हणे.

मेहुण्याला हाक मारली. तो टॉवेल टाकून कपड्यांनिशी आत आला. "काय दाजी, दमलात का?"

म्हणालो, "आता मला दे."