तिच्या खोलीतला पंखा

ताई, लांबूनच पाया पडतो.

परवा दुपारी तिच्या दारात शिडी घेऊन उभा राहिलो आणि ती ओळख न दाखवता म्हणाली, "अहो मिस्त्री, चपला बाहेर काढा." तिथेच सगळं संपलं. जिच्यासाठी कॉलेज अर्धवट टाकून, बाबांशी भांडून, दार आपटून या शहरात आलो, तिच्याच खोलीतला पंखा दुरुस्त करायला, मी कामाला लागलोय त्या विजेच्या दुकानाच्या मालकांनी मला धाडलं होतं. शेजारी तिचा नवरा उभा होता.

काळजी करू नकोस. मी अगदी इथला झालोय. दुपारी रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चालतो, संध्याकाळी बागेतल्या कारंज्यात पाय सोडून बसतो. तिनेच कळवलं होतं ना, "उन्हाळ्यात ये, इथलीच माणसं होऊन हिंडू." जेवतो वेळेवर, बहुतेक.

मी आपटलेल्या दाराची निखळलेली कडी बाबांनी बसवली का? माझं नाव काढतात का?

राग तर माझ्या नाकावरच असतो. हातातला पाना भिरकावावासा वाटला. पण पंखा फार खडखडत होता आणि उकाडा मरणाचा. म्हणून नीट तेल घातलं, पाती पुसली. "झालं," म्हणालो, शिडी उचलून बाहेर पडलो. आणि ताई, दार आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं.

तुझा तापट धाकटा