धाकूसाठी घातलेला कंस

मांडवी, ३ मे १९८७

शेजारच्या यमुनाबाईंची मथुरा रजेवर आली आहे. मुंबईत खलाशांच्या नोंदणी कचेरीत नोकरीस असते. तेथे आता संगणक बसविला असून सर्व खलाशांची नावे त्यात भरली आहेत. मी विचारले — माझा धाकटा भाऊ धाकू सापडेल काय?

यमुनाबाई म्हणाल्या, "तेहतीस वर्षांनी भाऊ आठवला होय, भावजी!"

बोटीवर जाण्याचा हट्ट त्याचा. "तू माझा कोणी नाहीस" हे शब्द मात्र माझे.

४ मे

मथुरेने प्रश्न लिहिण्याची रीत सांगितली. "आबा, यंत्र समजून घेत नाही. लिहाल तेवढंच बघतं." 'आणि' लिहिल्यास दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत, 'किंवा' लिहिल्यास एक जुळली तरी पुरते.

इयत्ता चौथीपर्यंतच शिकलो, परंतु शुद्धलेखनात कधी हार गेलो नाही. लिहिले —

नाव धाकू आणि वडिलांचे नाव काशीराम आणि आडनाव गावणकर किंवा वेळणेश्वरकर.

(आमचे मूळ गाव वेळणेश्वर; मुंबईस गेल्यावर पुष्कळ जण गावावरून आडनाव लावतात.) तिने तपासू का विचारले. आवश्यकता नाही, म्हणालो. पाकीट बंद करूनच दिले.

२१ मे

मथुरेचे पत्र. एकतीस नावे! सगळे वेळणेश्वरकर — केरू, विठू, सोनू, कोण कोण. धाकू एकही नाही! "आबा, तुमच्या 'किंवा'ने दार सताड उघडलं. दोन्ही आडनावं एका कंसात घाला."

यमुनाबाईंना वाचून दाखविले. "कंस? भावाला शोधायला तो मामा कशाला?"

त्यांच्यासमोर हसलो नाही. घरी येऊन पुष्कळ हसलो.

२२ मे

कंस घातला. पत्र टाकले.

९ जून

एकही नाव नाही. मथुरा लिहिते, "एखादी अट काढून बघू या का? वडिलांचं नाव काढू?"

अशक्य! बाबा वारले तेव्हा धाकू दोन वर्षांचा, मी पंधरा. पेज मी भरविली, गोवर निघाला तेव्हा खांद्यावर मी वागविला, परंतु शाळेत नाव घालताना काशीराम हेच ठणकावून सांगितले. बापाचे नाव कोणी बदलत नसतो. तसे कडक शब्दांत लिहिले.

११ जून

ते पत्र टाकले नाही. पाय दुखतात आता. वाट पाहण्यास किती वर्षे उरली? दुसरे लिहिले — वडिलांची अट काढावी. बाबा, क्षमा असावी.

२७ जून

एकच नाव आले. धाकू गावणकर. हयात. माझगावचा पत्ता आहे.

वडिलांच्या नावाच्या रकान्यात त्याने माझे नाव लिहून दिले आहे — महिपत.

नोंद आमच्या भांडणानंतर बाराव्या दिवसाची.