ऑड्रीला घाम येत नाही

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
१४ जानेवारी १९९४

चि. थोरा हिस,

मामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व, म्हणजे मी आणि माझा गुडघा, ठीक आहोत. पत्र लिहिण्यास कारण, ऑड्रीला आलेला घाम.

‘पल्सार’चा अंक ११३० शनिवारी मिळाला. वाऱ्यामुळे बोट दोन दिवस आलीच नव्हती. दुकानदार फ्लेटने नेहमीप्रमाणे अंकाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने माझं नाव लिहून ठेवलं होतं. बावीस वर्षं सांगतोय की हळू लिही, कागदावर वळ उठतो. घरी येऊन पावाच्या गोळीने नाव पुसलं, हात धुतले आणि वाचायला बसलो.

थोरा, तू माझी सख्खी भाची. तुझी गोष्ट माझ्या आवडत्या साप्ताहिकात दर आठवड्याला छापून येते याचा मला अभिमान आहे. गावात तो मी पुरेसा मिरवलाही आहे. पण नातं वेगळं, मत वेगळं. ऑड्री हे यंत्र आहे. शनीच्या कड्यांमधून ये-जा करणाऱ्या बोटीवर ती तिकिटं फाडते. अंक ११२२ मध्ये तूच लिहिलंस की ती जस्ताची आहे आणि तिच्या आत तेलाशिवाय काही नाही. मग या अंकात, एक प्रवासी पोर हरवल्यावर आणि सापडल्यावर, तिच्या कपाळावर थेंब कुठून आला? तेल म्हणावं तर तो निळा रंगवलाय.

शिवाय ती तिकीट डाव्या हाताने फाडते. तीस वर्षं मी बोटीवर तिकिटं फाडली. डाव्या हातात गड्डी असते.

बाकी गोष्ट बरी होती. शेवटच्या पानाला मी दोनदा नाक शिंकरलं, पण सध्या सर्दीच आहे.

लोकरीचे मोजे घालत जा. माझ्या बोलण्याचा राग आला तरी लोभ तेवढाच ठेव.

तुझा,
अर्लंडमामा


लंडन
२१ जानेवारी

ती. अर्लंडमामास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. निळ्या रंगाबद्दल चित्रकाराने माफी मागितली आहे. डाव्या हाताबद्दल त्याचं म्हणणं असं की तो स्वतः डावखुरा आहे आणि शनीच्या कड्यांवर कुणाची हरकत नसावी.

घामाबद्दल मी काही सांगत नाही. तो राहणार.

आता खरी गोष्ट. आई तिकडे फोनवर काही बोलली असेल तर तिने अर्धंच सांगितलं असणार. पल्सारच्या पान तेवीसवर वाचकांच्या पत्रांखाली जे कुपन असतं ना, ‘या अंकातल्या तुमच्या आवडीच्या तीन गोष्टी क्रमाने लिहा’, त्यावर आमचं सगळं पोट अवलंबून आहे. संपादक क्रेकसाहेब दर सोमवारी ती कुपनं मोजतात. ऑड्री गेले सहा आठवडे शेवटची आहे. मेंदू खाणाऱ्या शेवाळाच्या गोष्टीलासुद्धा आमच्या चौपट मतं आहेत. साहेबांनी मला बोलावून, चहा देऊन सांगितलं की फेब्रुवारीअखेर आकडा हलला नाही तर ऑड्रीची बोट बंद. चहा दिला तेव्हाच मी ओळखलं. ते कुणाला चहा देत नाहीत.

मामा, मी एकेचाळीस वर्षांची आहे. आजवर बऱ्याच गोष्टी लिहिल्या, बऱ्याच बंद पडल्या. ही पडली तर मात्र मला फार लागेल. का ते नीट सांगता येत नाही.

तुम्ही लोक इतक्या आवडीने वाचता म्हणता, तर मतं जातात कुठे? तू कुपन पाठवतोस ना?

मोजे घातले आहेत. उत्तराची वाट पाहणारी, रागावलेली नसलेली,

थोरा


स्ट्रॉमनेस
२८ जानेवारी

चि. थोरा हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवून उठलो.

कुपन पाठवतोस ना, असं तू विचारलंस. कुपन कापावं लागतं. कात्रीने. अंक कापायचा?

थोरा, माझ्याकडे अंक ७ पासून आजपर्यंतचे सगळे अंक आहेत, एकाचाही कान दुमडलेला नाही. त्यांच्यासाठी पलंगाखालची जागा मी रिकामी केली आणि बूट कोळशाच्या खोलीत ठेवले. पान तेवीसच्या मागे काय असतं माहीत आहे? पान चोवीस, म्हणजे ऑड्रीचंच शेवटचं पान. कुपन कापलं की त्या पानाच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट गेली. तुला मत द्यायचं तर तुझीच गोष्ट फाडायची, ही कुठली रीत? शेवाळवाल्याचं बरं आहे, त्याची गोष्ट पान चारला संपते.

मी चौकशी केली. गावात फ्लेट दोनच अंक मागवतो, एक मला आणि एक बेला लिंकलेटरबाईंना. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आमचं बोलणं बंद आहे हे तुला माहीतच आहे. अंक ३०९ त्यांनी वाचायला नेला आणि मुखपृष्ठावर कपाचं वर्तुळ उमटवून परत दिला, त्याला सोळा वर्षं झाली. त्या म्हणतात वर्तुळ आधीच होतं. तर फ्लेटमार्फत विचारवलं. बाईंचा निरोप आला की शाळेत चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं फाडणाऱ्यांचे कान उपटले, आता या वयात स्वतःचे कोण उपटून घेणार?

तेव्हा मी मार्ग काढला. कुपनावर पातळ कागद ठेवून ते हुबेहूब गिरवलं, तुटक रेषा आणि कात्रीच्या चित्रासकट, आणि पहिल्या क्रमांकावर ऑड्री लिहून थेट क्रेकसाहेबांना पाठवलं. सोबत चार पानी पत्र, पान तेवीससाठी. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की जो अंक जपतो तो मत देत नाही आणि जो मत देतो तो अंक फाडतो, तेव्हा तुम्ही बावीस वर्षं फक्त फाडणाऱ्यांची आवड मोजत आला आहात.

गुडघा बरा. लोभ न कापता जसाच्या तसा ठेवावा.

तुझा,
अर्लंडमामा


लंडन
५ फेब्रुवारी

ती. अर्लंडमामास,

सा. न. वि. वि. तुझं गिरवलेलं कुपन पोचलं. सगळे त्याच्याभोवती जमले. क्रेकसाहेबांनी ते फळ्यावर टाचणीने लावलं, कारण इतकी सुबक कात्री आमच्या चित्रकारालाही जमली नव्हती. मग त्यांनी नियम वाचून दाखवला की फक्त मूळ, छापील कुपन मोजलं जाईल. ऑड्रीला त्या सोमवारी अकरा मतं होती. तुझं धरलं नाही.

मी हसले सगळ्यांबरोबर. मग जिन्यात जाऊन थोडं रडले. तू येऊ नकोस, मी आता बरी आहे.

तुझं चार पानी पत्र मात्र ते ११३५ मध्ये छापणार आहेत, पूर्ण. गंमत म्हणून छापताहेत, हे तुला आधीच सांगून ठेवते.

आणि तू अंक कापू नकोस. मी मागणारही नाही. त्या पलंगाशेजारी बसूनच मी कॉलेजच्या सुटीत पल्सार वाचायला शिकले, हात धुऊन, मांडीवर टॉवेल घेऊन. तुझ्या हातात कात्री मला बघवणार नाही.

घामाचं मात्र सांगून टाकते, नाहीतर बोट बुडाल्यावर सांगायचं राहील. मी नऊ वर्षांची असताना तुझ्या बोटीवर टपालाच्या पोत्यात लपले होते, आठवतं? आजीकडे पार्सल होऊन जायचं होतं मला. तुम्ही अर्धा तास बोट थांबवलीत. तू मला पोत्यातून काढलंस आणि तिकिटांच्या शाईने जांभळा झालेला हात कपाळावरून फिरवलास. कपाळभर जांभळा पट्टा उमटला. मी हसायला लागले आणि तू म्हणालास की इंजिनाच्या खोलीत फार उकडतं.

तू इंजिनाच्या खोलीत गेलाच नव्हतास, मामा. ऑड्रीही गेली नाही. एवढंच.

लोभ आहे, म्हणून तर भांडते.

थोरा


स्ट्रॉमनेस
१४ फेब्रुवारी

चि. थोरा हिस,

आशीर्वाद. ते समुद्राचं पाणी होतं. तुषार उडत होते त्या दिवशी. पुढे.

अंक ११३५ आला. माझं पत्र पाहून लिंकलेटरबाई स्वतः दारात आल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा. सोबत बार्लीच्या भाकऱ्या आणि शिवणाची कात्री. म्हणाल्या की पत्रात स्वल्पविराम कमी आहेत पण मुद्दा बरोबर आहे, आणि मुद्दा बरोबर असून हातावर हात ठेवून बसणाऱ्या मुलांना त्या वर्गाबाहेर उभं करत असत.

मग त्यांनी कुपन भिंगाखाली वाचलं. त्यावर ‘मूळ छापील’ लिहिलं आहे, ‘एका अंकाला एक’ लिहिलं आहे. शेवटची तारीख कुठेच नाही. बावीस वर्षांत कुणी छापलीच नाही. म्हणजे ऑड्री सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या अंकांची कुपनं आजही चालतात. ११२२ ते ११३५, चौदा माझी आणि चौदा त्यांची.

बाईंनी एक भाकरी खाल्ली, मी दोन. मग त्या म्हणाल्या की अंक ३०९ वरचं वर्तुळ त्यांच्याच कपाचं होतं. मी म्हणालो की मला माहीत आहे. त्यावर त्या म्हणाल्या, मग आण पहिला अंक.

पहिलं कुपन मी कापलं तेव्हा डोळे मिटले होते, म्हणून ते थोडं तिरकं आहे. बाईंनी कात्री काढून घेतली आणि पट्टी लावून पेन्सिलीने रेघा आखून दिल्या. पाचव्या अंकापर्यंत मला बरं वाटू लागलं, याची नंतर लाज वाटली. प्रत्येक कुपनाच्या कोपऱ्यात बाईंनी अंकाचा क्रमांक लिहिला आहे. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आज बोटीने गेली.

आता मतांबद्दल. कापलं म्हणून खोटं लिहिणार नाही. माझ्या चौदांपैकी नऊ ठिकाणी ऑड्री पहिली आहे, चार ठिकाणी दुसरी. ११२९ मध्ये चंद्र तीन दाखवलेत, आधीच्या अंकात दोनच होते, हेही तुला कळावं. ११३० मध्ये ती तिसरी. यंत्राला घाम येत नाही. शेवाळ त्या आठवड्यात खरोखर चांगलं होतं.

बाईंनी मात्र सगळीकडे तुला पहिलं दिलं. मुख्याध्यापिका असून पक्षपात. मी तसं तोंडावर सांगितलं.

लोभाला भोक पडलेलं नाही, ही खात्री असू दे.

तुझा,
अर्लंडमामा


लंडन
२४ फेब्रुवारी

ती. अर्लंडमामास,

सा. न. वि. वि. आधी बातमी. ऑड्री राहिली.

सोमवारी टपालाची पोती आली ती तीन. पोत्यांकडे पाहून क्रेकसाहेब खाली बसले. तुझं पत्र देशभरातल्या पलंगांखाली वाचलं गेलं होतं. ॲबर्डीनच्या एका बसचालकाने तीन महिन्यांची कुपनं पाठवली आणि सोबत आपल्या अंकांना उद्देशून लिहिलेलं माफीपत्र. स्वान्झीच्या एका दंतवैद्याने आपली दात कोरायची हत्यारं वापरली. त्याच्या कुपनांच्या कडा इतक्या सरळ होत्या की साहेबांनी ती बनावट समजून बाजूला ठेवली, मग पुन्हा घेतली. एका बाईंनी लिहिलं की नवऱ्याला कळू देऊ नका. शेवटच्या तारखेचं साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी जुने अंक काढून एकेक कुपन तपासलं. पण नियम त्यांचाच, मूळ आणि छापील. आम्ही चौथे आलो. शरद ऋतूपर्यंत बोट चालणार. पुढच्या महिन्यापासून कुपन जाहिरातीच्या मागे छापायचं ठरलं आहे.

मोजणी झाल्यावर सगळी कुपनं रद्दीत जातात. मी गुडघ्यांवर बसून पोतं उपसलं आणि बाईंच्या पेन्सिलीवरून तुमची अठ्ठावीस शोधून काढली. सोबत परत पाठवते. उलटी करून माझ्या टेबलावर मांडली तेव्हा एकात ऑड्रीचा बूट होता, एकात अर्धा शनी, एकात तिकिटांची गड्डी, चुकीच्या हातात. ११३० च्या मागे कपाळ होतं. थेंबासकट.

आता बसून ती जागच्या जागी डकवा. खळ घरीच करा, बाजारचा डिंक पिवळा पडतो. हे मला कुणी शिकवलं ते सांगायला नको.

तिसरा क्रमांक मिळाल्याचा राग दोन दिवस होता. आज गेला. लोभ मात्र पहिल्या क्रमांकावर आहे, इथे तरी खोटं लिहायचं नाही.

तुझी,
थोरा


स्ट्रॉमनेस
४ मार्च

चि. थोरा हिस,

आशीर्वाद. कुपनं पोचली. बाई आणि मी दोन संध्याकाळी बसलो. त्यांची खळ दाट, माझी पातळ, यावर मतभेद झाले पण बोलणं चालू आहे. मी माझा डागाळलेला ३०९ त्यांना दिला, त्यांनी त्यांचा स्वच्छ मला. त्यावर मी कप ठेवत नाही.

माझ्या चौदांपैकी तेरा नीट डकवली. जवळून पाहिलं तरच कळतं. ११३० चं मात्र सापडत नाही. टेबलाखाली पाहिलं, टोपीत पाहिलं. असेल कुठेतरी. त्या अंकात आता ऑड्रीच्या कपाळाच्या जागी चौकोनी भोक आहे. यंत्राला भोक असू शकतं, त्याला माझी हरकत नाही.

११३७ मध्ये तिने गड्डी डाव्या हातात धरली आहे. पाहिलं. सुधारणा आहे. मात्र शनीवर गुरुवारी तिकीटघर बंद का असतं याचा खुलासा यायला हवा.

लोभ ठेवून उत्तर लवकर पाठवावं.

तुझा,
अर्लंडमामा

ता. क. थोरा, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून या ओळी माझ्या. कुपन हरवलेलं नाही. अर्लंडच्या चष्म्याच्या डबीत आहे, थेंबाची बाजू वर. वाचायला बसताना तो आधी ते अलगद बाजूला काढतो, मग चष्मा लावतो. मी पाहिलंय हे त्याला कळू देऊ नकोस. आणि बाळ, ‘ऑड्री गहिवरली’ असं दोन अंकांत तीनदा आलंय, तेवढं बघ. — बेला लिंकलेटर