दादांच्या बंदुकीची गादी

४ जाने., रवि.
माळ्यावरची पत्र्याची पेटी अखेर खाली काढली. सौ.चं सहा महिन्यांचं टुमणं, "रिटायर झालात, आता तरी तो पसारा बघा." वर गोधड्या, खाली दादांची छर्‍याची बंदूक. जत्रेत फुगे फोडायच्या ठेल्यावरची. दादा अंगणात बाजेवर ऊन खात होते. वय शहाऐंशी, कान कमी, आई गेल्यापासून बोलणंबी कमी. बंदूक मांडीवर ठेवली तर हात फिरवत राहिले. मग म्हणले, "चालती का बघ. एकडाव आवाज ऐकू दे."
वडलांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य महिन्यानं ऐकलं.

५ जाने.
नळी बिजागरीवर वाकवून दाबली, छर्रा भरला, घोडा ओढला. फुस्स. छर्रा पायाशी पडला. म्हणजे गादी गेली. गादी हा दादांचा शब्द, आम्ही आयटीआयत बफर म्हणलो असतो. आतल्या दट्ट्याच्या तोंडाला चामड्याची चकती असते, ती हवा धरते आणि दणका सोसते. तीस वर्षं पोरांना फिटिंग शिकवलं, पण बापाची बंदूक कधी उघडली न्हाई.
दुपारभर धर्मापुरीची जत्राच डोळ्यापुढं. मी आणि धाकटी सुमी फुगे फुगवायचो. गाल दुखायचे, ओठाला रबराची चव, नाकावर पांढरी पूड. दादा फुगा दाबून बघायचे, "अजून. तट्ट पायजे." तोंडातच फुटला की सुमी हसून लोळायची, मी रडायचो. मागं गोणपाटाचा वास, म्होरं दादांची आरोळी, "या पाव्हणं, नेम धरा, मालकिणीम्होरं इज्जत राखा!" एकदा बंदुकीला हात लावला म्हणून थोबाडीत बसली होती. दादांनी आयुष्यात मारलेली तेवढी एकच.
कुठं गेले ते दिवस.

७ जाने., बुध.
बंदूक व्हाइसच्या पकडीत धरून उघडली. दट्ट्या बाहेर आला आणि बघतच राहिलो. एक गादी पाहिजे तिथं तीन! चपलेच्या तळाचं चामडं गोल कापून एकावर एक, मेणाच्या दोर्‍यानं शिवलेलं. स्प्रिंगचेबी पाच-सहा वेढे कापलेले. जाणूनबुजून मऊ केलेली बंदूक.
म्हणजे पोरं म्हणायची ते खरंच. दहावीला वर्गात रोजचं चिडवणं, "तुझ्या बापाची बंदूक फुसकी बे, छर्रा फुग्याला गुदगुल्या करतो." एक दिवस डोकं फिरलं. पाटोद्याच्या बाजारात, भर गिर्‍हाइकात दादांना म्हणलो, "तुमी लोकांला फसवता." दादांनी पुढच्या माणसाला बंदूक भरून दिली. त्यानंतर मी ठेल्यावर पाय ठेवला न्हाई.
आज पुरावाच हातात. वाटलं होतं बरं वाटेल. उलट तोंड कडू झालं.

९ जाने.
वाकडं काम दिसलं की माझे हात शिवशिवतात, खोड जाती न्हाई. बाजारात रफिकभाई मिस्त्रीकडनं अख्खी स्प्रिंग आणली. नवीन चामड्याची एकच गादी कापली, एरंडेलात भिजत टाकली. दादांची तीन थरांची गादी टाकून देणार होतो, पण शिवण इतकी बारीक की हात झाला न्हाई. डब्यात ठेवली.
दादांना म्हणलं, "रविवारी बघा आवाज!" नुसती मान हलवली. त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे.

११ जाने., रवि.
आज बंदूक वाजवली.
अंगणात टाकीचं पत्र्याचं झाकण भिंतीला टेकवलं, त्याला फुगा बांधला. दादा बाजेवर. घोडा ओढला. खाडकन् आवाज! फुगा फुटला, पण छर्रा पत्र्यावरनं उलटा आला, माझ्या कानाजवळून सूं करत गेला आणि मागच्या खिडकीची काच तडकली.
दादा ओरडले, "सुमीचा डोळा! आरं, सुमीचा डोळा!"
उठायला गेले, बाजेवरनं पडता पडता धरलं. म्हणलं, दादा, सुमी पाटोद्याला हाय, तिच्या घरी. ऐकायलाच तयार न्हाईत. सौ.नं पाणी पाजलं. मग हळूहळू बोलले. जसंच्या तसं लिहून ठेवतो.
"तू सात वर्साचा व्हता. मी च्या प्यायला गेलतो. तू बंदूक उचलली. फुग्यांमागच्या फळीला तवा पत्रा व्हता. छर्रा उलटा आला, सुमीच्या भुवईखाली बसला. डोळा र्‍हायला, नजर निम्मी गेली."
"सुमी तर म्हणती देवळाच्या पायरीवर पडले."
"तसंच सांगितलं तिला. आन् तुला. तुज्या आईनं शपथ घातली. पोरगं जलमभर जळंल म्हणली."
"आणि गादी?"
"दुसर्‍या दिशी शिवली. पत्रा काढून गोणपाट लावलं. छर्रा मऊ झाला म्हणून फुगे तट्ट ठिवले. गिर्‍हाइकाचं नुकसान कावून करायचं?"
ज्याला फसवायचंय तो फुगे ढिले ठेवतो. आयुष्यभर फिटर म्हणून मिरवलो, एवढं साधं कळलं न्हाई मला.

१२ जाने., सोम.
मला थोबाडीत तेवढी ध्यानात राहिली, छर्रा सुटलेला न्हाई. ती थोबाडीत बंदुकीला हात लावल्याची नव्हतीच.
सकाळी दादांच्या पायाशी बसलो. कानाशी तोंड नेऊन म्हणलं, "दादा, मी तुमाला बाजारात बोललो होतो. लोकांला फसवता म्हणून."
दादा मग म्हणले, "त्या दिशी लई गर्दी व्हती. मला कुठं ऐकू आलं."
तेव्हा दादांचे कान चांगले होते. चार ठेल्यांपलीकडं मागितलेली चिल्लर ऐकायचे. मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पोरासारखा रडलो. सौ. आत गेली.
विचारलं, "सुमीला सांगू?"
"आईची शपथ आईबरुबर गेली. आता तुझं तू बघ."

१४ जाने.
नवीन स्प्रिंग काढली. दादांची आखूड स्प्रिंग परत. त्यांची गादी दोन दिवस एरंडेलात ठेवली तर चामडं फुगून मऊ झालं, नळीत चपखल बसलं. नुसती वाळली होती बिचारी. दुरुस्तीची गरजच नव्हती.
सुमीला फोन केला. रविवारी येते म्हणली. "काय रे, आवाज का असा?" म्हणलं, सर्दी हाय.

१८ जाने., रवि.
सुमी हुरडा घेऊन आली. आल्या आल्या दादांशी भांडण, "दाढी कावून वाढवली? साधूबाबा व्हायचंय का?" दादा हसले!
गोणपाट लावलं. फुगा तिनंच फुगवला. दादांनी दाबून बघितला, "अजून." तिनं अजून फुगवला. मग पदर खोचून म्हणली, "आन हिकडं, मी मारते." डावा डोळा मिटला. "तसंबी त्यातनं धुरकटच दिसतंय. त्या पायरीनं वाट लावली माझी."
ठप्प. फुगा फुटला. सुमीनं टाळी वाजवली. दादा डोळे मिटून म्हणले, "ह्योच. ह्योच आवाज."
लई वर्षांनी आम्ही तिघं बंदुकीभोवती. असंच राहू द्यावं वाटलं. कशाला विस्कटायचं? तेवढ्यात तिची नजर खिडकीवर गेली.
"काच कशानं तडकली रे?"
दादांनी माझ्याकडं बघितलं, मग मान फिरवून हुरडा चोळायला लागले.
म्हणलं, "सुमे, च्या ठेव. मग सांगतो."
"एवढं काय त्यात?" हसत आत गेली.
तेवढ्यात हे लिहून घेतोय. आत सौ.चं आणि तिचं काहीतरी हसणं चाललंय. दादांनी चोळलेला हुरडा तिच्यासाठी बशीत वेगळा काढून ठेवलाय.
कप घेऊन आली. माझ्यासमोरच बसली. वही मिटतो.